जलसा : गाणारांचा आणि राबणारांचा

जलशाचा इतिहास सांगायला बसलं की आपण नावं सांगतो. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, विलास घोगरे. नावं सांगितलीच पाहिजेत. ज्यांची नावं पाटलाच्या तोंडी फक्त वेठीला हाक मारताना यायची, त्यांच्या नातवंडांना आपल्या शाहिरांची नावं तोंडपाठ आहेत, ही साधी गोष्ट नाही. पण माझा सवाल दुसरा आहे. रात्री नऊला जलसा उभा राहायचा, तर संध्याकाळी पटांगण झाडलं कुणी? दहा-बारा माणसांच्या भाकरी कुणाच्या चुलीवर झाल्या? गॅसबत्तीचं रॉकेल कुणी आणलं? वरच्या आळीतनं दगड आला तर पुढं कोण उभं राहायचं, हे कुणी ठरवलं होतं?

ह्या माणसांची नावं कुठं छापलेली नाहीत. शाहिराचं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात येतं. सतरंजी टाकणाराचं नाव कुठल्याच कडव्यात येत नाही. आणि मित्रांनो, सतरंजी टाकणारा नसता तर शाहीर उभा कशावर राहिला असता?

हे मी नुसतं कुतूहल म्हणून लिहीत नाही. आमच्या वस्तीतल्या पोरांनी यंदा आपल्या गाण्यांची एक रात्र केली. तिकीट नाही, सुपारी नाही, सगळं आपल्या हातानं. ते करताना जे जे भांडण निघालं ते ते भांडण आपल्या आज्या-पणज्यांनी आधी भांडून ठेवलेलं आहे, हे माझ्या ध्यानात आलं. म्हणून इतिहास.

आधी साचा बघू. जोतीबांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला तेव्हाच त्यांना कळलं होतं, की शूद्रातिशूद्रांना पुस्तक वाचता येत नाही, पण पोवाडा कळतो. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज निघाला, आणि पुढच्या पिढीतल्या सत्यशोधकांनी जलसे घेऊन खेडी पालथी घातली. सत्यशोधक जलशाची बांधणी तमाशाचीच. गण, गवळण, बतावणी, वग. पण गणात गणपती राहिला नाही, गण म्हणजे लोक असा अर्थ फिरवला. बतावणीत भटजी, सावकार, कुळकर्णी सापडले आणि लोक पोट धरून हसले. हसल्यावर भीती मोडते. सभेत मोडत नाही तितकी जलशात मोडते.

आणि तमाशा तरी कुणाचा होता? पेशवाईतल्या शाहिरांची यादी शाळेच्या पुस्तकात असते : रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम. कवन करणाराला नाव मिळालं. ढोलकीवर ज्याचे पंजे सोलून निघाले, हलगी शेकून शेकून ज्याचे हात भाजले, तुणतुण्याची तार ज्यानं रात्रभर छेडली, त्याला जात मिळाली, नाव नाही. महार-मांगांच्या अंगावर तमाशा जगला आणि वाड्यावरच्यांनी तो बघितला. आमच्या बाया नाचल्या, ते टोप्या उडवत राहिले. ह्याला काही लोक आता 'समृद्ध लोकपरंपरा' म्हणतात. समृद्ध कोण झालं ते सांगत नाहीत.

म्हणून आंबेडकरी जलसेवाल्यांनी जे केलं ते लई अवघड होतं. ज्या साच्यात आपल्याला नाचवलं तोच साचा घ्यायचा आणि त्यातनं नाचवणं काढून टाकायचं. २० मार्च १९२७ ला महाडचं पाणी झालं. २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो पुढं कित्येक वर्षं चालला. त्याच धगीत, १९३१ च्या सुमाराला, नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. (हे भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा कर्डक वेगळे. दोघं नाशिक जिल्ह्यातलेच, आडनाव एक, म्हणून आपली पोरं भाषणात दोघांचा एक करून टाकतात. तसं करू नका.) भीमरावांनी उतारवयात 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिलं, ते १९७८ साली आलं. कुणाच्या घरी जुनी प्रत असेल तर रद्दीत जाऊ देऊ नका.

ह्या जलशांनी कृष्णाची गवळण काढली. बाजाराला निघालेल्या बाया राहिल्या, पण त्यांची वाट अडवणारा देव गेला. त्या बाया आता पोरांच्या शाळेचं बोलायला लागल्या. मेलेलं ढोर ओढू नका, शिळं मागू नका, लग्नासाठी सावकाराचं दार धरू नका, पाणी आपल्या हक्काचं आहे. बाईचं काम पुरुषच करायचा. आज आपल्याला ते खटकतं आणि खटकायला पाहिजेच. पण त्या वेळी त्यात एक जिद्द होती : आमची बाई आता तुमच्यापुढं नाचणार नाही.

एक हिशोब मांडून बघा. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला, 'जनता' २४ नोव्हेंबर १९३० ला. महारवाड्यात वाचता येणारं माणूस एखादं, कधी तेही नाही. मग येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब काय बोलले, हे गावकुसाबाहेरच्या म्हातारीला कळलं कसं? जलशानं कळलं. जलसा म्हणजे पायी चालणारं वर्तमानपत्र. १९३७ ची निवडणूक आली तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचा प्रचार ह्याच माणसांनी गाऊन केला. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या तोडीला एक जलसा धरला होता, ही आठवण शाहिरांच्या घराघरात सांगितली जाते.

आता पटांगणाकडे येऊ. जुन्या जलशाला स्टेज नव्हतं. महारवाड्यात जिथं बरी जागा असेल ती झाडायची, सडा टाकायचा, चार बाजूला माणसं, मधे गोल. गावात जाऊन खेळ करायची सोय नव्हती, म्हणून लोकांनी आपल्या दारात केला. जलशातली माणसं पोटाची कामं सांभाळून गाणारी. दिवसभर राबायचं, रात्री गायचं, पहाटे चालत परत. त्यांना बिदागी देणारं कुणी नव्हतं. ज्या वस्तीत खेळ, ती वस्ती जेवण घालणार, एवढाच करार. आणि भाकरी एका घरची नसायची. दहा घरांनी एकेक दुरडी द्यायची. आमच्या वस्तीतले एक आजोबा सांगतात, त्यांच्या आईच्या घरी त्या दिवशी पीठ नव्हतं म्हणून तिनं मूठभर मीठ-मिरची दिली, पण दिली. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना सांगत होती, जलसा माझ्या घरचा होता म्हणून.

हीच वर्गणी. वर्गणी म्हणजे नुसता पैसा नव्हे. ज्यानं मीठ दिलं त्याला जलशात बोलायचा हक्क आला.

पैशाची एक गोष्ट आपल्याकडं सांगतात. पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीनं ब्राह्मण, तमाशाचा मोठा कवनकार. त्यांच्या फडात पवळा होती, महाराची लेक, तिच्या नावावर मुंबई लोटायची. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं, आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. माझ्या बहिणीला नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्या नाकारण्याचा अर्थ सांगतात. विचार करा, चळवळीला दिडकी दिडकी लागत होती. तरी पैशाला विचारलं गेलं, तू आलास कुठून?

आम्ही ही गोष्ट बैठकीत सांगितली, कारण आमच्यापुढं पण एक पाकीट आलं होतं. इथल्या एका पुढाऱ्यानं निरोप धाडला, मंडप माझा, आवाज माझा, गायक पाहिजे तो आणा, फक्त कमानीवर फोटो लावा. काही पोरांना ते पटलं. त्यांचं म्हणणं पण अगदीच खोटं नव्हतं. फोटोनं काय होतं, गाणं तर आपलंच आहे ना! मी म्हटलं, गाणं आपलं, पण माइक कुणाचा? ज्या दिवशी गाण्यात त्याच्या पक्षाचं नाव आलं, कुठल्या झोपडपट्टीवर बुलडोझर चालला त्याचं कडवं आलं, त्या दिवशी माइक बंद होणार. कुणी हुकूम द्यायची पण गरज नाही. आपणच कडवं गिळून टाकणार. पाकीट परत गेलं. घरटी वीस रुपयांपासून पन्नासपर्यंत वर्गणी ठरली. पन्नासच्या वर कुणाकडनं घ्यायचीच नाही, म्हणजे मोठा देणगीदार हा प्राणी पैदाच होत नाही. एका दुकानदाराला ह्याचा राग आला. त्याला पाचशे द्यायचे होते. त्याला म्हटलं, पन्नास द्या आणि खुर्च्या उचलायला या. आला.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी. तिथं गावकूस नव्हतं पण गिरणीत होतं. विणखात्यात आपल्या माणसाला घ्यायचे नाहीत, कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढायला लागायचा आणि आपल्या तोंडानं सूत बाटायचं! म्हणून आपली माणसं रिंग खात्यात, कमी पगारावर. संध्याकाळी हीच माणसं नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत परत यायची. ह्या चाळी १९२० च्या दशकात सरकारनं बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. त्यात एक कुटुंब, कधी दोन, वर गावाकडनं आलेले पाहुणे. मग तालीम कुठं? गॅलरीत, गच्चीवर, दोन चाळींच्या मधल्या पट्टीत. आणि तालीम केव्हा? भोंगा ठरवणार. पहिली पाळीवाला मोकळा असतो तेव्हा दुसरीवाला साच्यावर असतो. पेटीवाला रात्रपाळीला गेला तर त्या आठवड्यात चाल बसत नाही. मला हे पुस्तकातनं वाचावं लागत नाही. आमच्या सूतगिरणीत आज पण तीन पाळ्या आहेत आणि आमचा ढोलकीवाला आणि मी एका पाळीत आलो ते महिन्यातनं एक आठवडा. बाकीची तालीम त्यानं फोनमधे वाजवून धाडली, मी रिंगच्या आवाजात कानाला लावून ऐकली.

वामनदादा ह्याच मुंबईतनं घडले. जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. मुंबईत त्यांनी गिरणीत काम केलं, चिक्की विकली, कोळशाच्या वखारीत राबले. समता सैनिक दलात होते. मोठे झाले तरी अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचायला दिलं, ते वाचता आलं नाही, त्या लाजेनं ते रडले आणि मग अक्षरं शिकले. १९४३ ला पहिलं गाणं केलं, ते सुद्धा एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. नंतर हजारांनी गाणी. १९७३ साली 'वाटचाल' आलं, १९७६ ला 'मोहळ'. १५ मे २००४ ला गेले. आपण त्यांना महाकवी म्हणतो ते बरोबरच आहे. पण त्यांना अक्षर शिकवणारा, चाळीत त्यांना झोपायला कोपरा देणारा, पहिल्या गाण्याला 'वामन्या, अजून एक म्हण' असं ओरडणारा, तो पण ह्या इतिहासात पाहिजे. कवी आकाशातनं पडत नाही. त्याला आधी ऐकणारी वस्ती लागते.

लाल बावट्याचं पण सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण अर्धं सांगू. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांच्या तमाशांवर सरकारनं बंदी घातली, तर त्यांनी त्यालाच लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. निळ्या आणि लाल कलापथकांत भांडणं झाली, एकमेकांवर सवाल टाकले. पण चाळीतली पटांगणं तीच होती आणि पुष्कळदा ऐकणारी माणसं पण तीच. २ मार्च १९५८ ला दादरच्या बंगाली हायस्कूलमधे पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनीच केलं.

आता वाद्यांचं. इथं आमच्या बैठकीत सगळ्यात मोठा तंटा झाला. काहींचं म्हणणं, ह्याला लोककला महोत्सव म्हणावं, पोतराज आणावा, वाघ्या-मुरळी आणाव्यात, सरकारी अनुदानाचा कागद हलतो. मी साफ विरोध केला. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमधे बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, पोतराज यांची सभा घेतली आणि सांगितलं, हा धंदा सोडा, माणूस म्हणून जगा. सोडल्यावर खायचं काय, हा प्रश्न त्या सभेतल्या माणसांना होताच. तरी कित्येकांनी सोडला. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर गावोगाव आपल्या लोकांनी पाटलाच्या लग्नात वाजवायचं नाकारलं, देवीपुढं वाजवायचं नाकारलं, मेलेली ढोरं उचलायचं नाकारलं. त्यासाठी बहिष्कार सोसले, दळण बंद झालं, शेतातली वाट बंद झाली. आणि आज त्याच पोतराजाला स्टेजवर उभा करून, त्याच्या हातात आसूड देऊन, 'मार अंगावर' म्हणायचं आणि टाळ्या वाजवायच्या? जे बापानं उपाशी राहून टाकलं ते पोरानं अनुदानासाठी उचलायचं? नाही जमणार.

पण ह्याची दुसरी बाजू पण आहे, आणि ती आपल्याला टोचणारी आहे. आपण वाजवायचं सोडलं, ते बरं केलं. मग जयंतीच्या मिरवणुकीत हलगी कोण वाजवतं? आमच्याकडं तरी मांगवाड्यातली पोरं. आपण त्यांना बोलावतो, पुढं वाजवायला लावतो, आणि पैसे देताना घासाघीस करतो. स्टेजवर गाणारा बसतो, हलगीवाला स्टेजच्या खाली उन्हात. जेवायच्या पंगतीत तो शेवटी. मला सांगा, पाटलाच्या दारात आपल्या आज्याला ह्याच्यापेक्षा वेगळं काय मिळत होतं? अण्णाभाऊंचा फोटो बॅनरवर आणि अण्णाभाऊंचे भाऊबंद बॅनरखाली.

त्या रात्री आम्ही एवढंच केलं की हलगीवाल्यांना सुपारी दिली नाही. सुपारी दिली की तो गडी होतो. त्यांच्यातली तीन पोरं आधीपासून बैठकीला बोलावली. ती म्हणाली, आम्हाला साथीला नको, आमची स्वतःची अर्धा तास वेळ द्या. दिली. नुसत्या हलगीचा अर्धा तास. गाणं नाही, भाषण नाही. थंडी होती, मधे मधे थांबून ती पोरं शेकोटीवर हलगी शेकायची, कातडं ताणायचं, बोट मारून बघायची, आणि लोक गप्प बसून ते शेकणं सुद्धा बघत होते. माझ्या मते त्या रात्रीतला हाच भाग खरा होता. बाकी आमची गाणी ठीकठाक झाली.

१९५६ नंतर जलसा हळूहळू मागं पडला आणि गायन पार्ट्या आल्या. वग, बतावणी गेली, कव्वालीचा सामना आला. दोन पार्ट्या समोरासमोर, सवालाला जवाब, पहाटेपर्यंत. त्यात बुद्धाचा धम्म गायला गेला, रिपब्लिकन पक्षाची भांडणं गायली गेली, नामांतराच्या लढ्यात मराठवाड्याची होरपळ गायली गेली. २७ जुलै १९७८ चा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार ह्या साडेपंधरा वर्षांत किती गाणी झाली त्याची मोजदाद नाही. पुष्कळशी आठ-सोळा पानी चोपड्यांत छापली जायची. आज पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर अशा चोपड्या विकायला असतात. मी दरवर्षी घेतो. छपाई वाईट, कागद वाईट, पण लिहिणारा कुठं रिक्षा चालवतो, कुठं सफाई कामगार आहे.

१९८० च्या दशकात कॅसेट आली. कॅसेटनं गाणं एस.टी.त पोचवलं, चहाच्या गाडीवर पोचवलं, हे मान्य. पण एक झालं. आधी गाणं ऐकायचं तर माणसं गोळा करावी लागायची. माणसं गोळा करायची तर घरोघर हिंडावं लागायचं, रुसवे काढावे लागायचे, जागेसाठी भांडावं लागायचं. त्या हिंडण्यातनंच शाखा बांधली जायची. कॅसेटला वस्ती लागत नाही, बटण लागतं. आता तर भिंतीएवढे बॉक्स येतात, गाणं कुठलं ते कळत नाही, छातीत नुसता धडका बसतो. मी डीजेवर नाचणाऱ्या पोरांना नावं ठेवणाऱ्यातला नाही. वर्षभर मान खाली घालून राबणारं पोरगं एक दिवस रस्ता अडवून नाचलं तर नाचू द्या. पण बॉक्सचं भाडं कोण भरतं, एवढं त्याला विचारा.

गाण्याला आपल्याकडं किंमत मोजावी लागते, हे विसरून उत्सव करता येत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःच्या झोपडीत गळफास घेतला. जन्मभर लाल झेंड्याची गाणी गाणारा हा माणूस जाताना डोक्याला निळं फडकं बांधून गेला. २०१५ साली शिर्डीत एका तरुणाला मारून टाकलं, कारण त्याच्या फोनच्या रिंगटोनला बाबासाहेबांचं गाणं होतं. २०२३ साली नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत गावात भीमजयंती केली म्हणून एका तरुणाचा खून झाला. म्हणून जेव्हा कुणी मला म्हणतं, 'कशाला राजकारण, नुसतं संगीत ठेवा', तेव्हा मला हसू येतं. नुसतं संगीत आपल्याला कुणी ठेवू दिलंय?

जुन्या जलशात गोलाच्या कडेला काठ्या घेऊन उभी राहणारी पोरं असायची, असं आमची म्हातारी माणसं सांगतात. आमच्यात काठ्या नव्हत्या, परवानगीचा कागद होता. त्या कागदासाठी चार हेलपाटे झाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमानं रात्री दहानंतर भोंगा बंद. कायदा सगळ्यांना सारखा म्हणतात. दहाला पाच कमी असताना गाडी कुठल्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहते आणि कुठल्या नाही, ते आपण सगळे जाणतो. सामना पहाटेपर्यंत चालायचे दिवस गेले. तर आम्ही सहालाच सुरू केलं, आणि परवानगीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून खांबाला बांधला.

हिशोब पण तिथंच लावला. किती घरांनी दिलं, सतरंज्यांचं भाडं किती, चहा किती, उरले किती. आणि खाली नावं. गाणाऱ्यांची नाहीत, ती माइकवर सांगितली होतीच. झाडणारी, स्वयंपाक करणारी, वायर ओढणारी, वर्गणीला हिंडणारी, अशी एकतीस नावं. दोन म्हाताऱ्या आल्या आणि आपलं नाव कुठं आहे ते नातवाकडनं बोट ठेवून वाचून घेतलं.

बायांचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण जलशाच्या इतिहासात त्या नाहीत आणि गाण्याच्या इतिहासात त्या सगळ्यात आधी आहेत. जात्यावर बसून आमच्या आज्यांनी बाबासाहेबांवर, रमाईवर ओव्या केल्या, कुठल्या पार्टीनं सांगितलं म्हणून नव्हे. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर झाल्या, त्यात आपल्या बायांच्या भीमाच्या ओव्या पुष्कळ आहेत. पुढं बाया स्टेजवर पण आल्या. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आल्या, एकतारी घेऊन कडूबाई खरात आल्या. पण वस्तीतली बाई अजून चुलीजवळनंच ऐकते.

आमच्या रात्री बायांची पाळी शेवटी ठेवली गेली. साडेनऊला एक आजी उभी राहिली, ओव्या सुरू केल्या, आणि दहा वाजले. भोंगा बंद केला. आजी थांबली नाही. बिनमाइकचं पुढं बसलेल्यांनाच ऐकू जात होतं, तर मागच्या बाया उठून पुढं येऊन बसल्या. साडेदहापर्यंत ते चाललं. पुढच्या खेपेला बायांचं गाणं सहाला पहिलं घ्यायचं असं बैठकीत ठरलंय. त्यावर बाया म्हणाल्या, सहाला भाकऱ्या कोण थापणार? त्या रात्रीच्या भाकऱ्या पुरुषांनी थापायच्या, असा ठराव एका पोरीनं मांडला आहे. त्यावर अजून भांडण चालू आहे.